रिव्हॉल्व्हर एक (जुने)

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात आहे. आमच्या सासुरवाडीला माझा सल्ला घेतल्याशिवाय कोणी म्हैस घेत नाही. सल्ला घेऊन झाला की नेमकी त्याच्या उलट म्हैस घेतात, आणि ती हटकून चांगली निघते. तेव्हा कळसाडीचे दोघे भाऊ एका दुपारी माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले, यात नवल काही नव्हतं.

‘‘भाऊसाहेब, तुम्ही बी.कॉम. ना?’’ थोरल्यानं विचारलं.

हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत मला कोणीच विचारला नव्हता. बँकेनंसुद्धा. मी खुर्चीत सरळ बसलो.

वडील वारल्यावर दोघांची वाटणी चालली होती. यादी माझ्यापुढे ठेवली. जमीन, विहिरीचं पाणी, ट्रॅक्टर, पपईचं उभं पीक, बैल, देवघरातला चांदीचा गणपती. सगळ्यांपुढे आकडे होते. शेवटच्या ओळीत ‘रिव्हॉल्व्हर एक (जुने)’ एवढंच होतं, आणि पुढची जागा कोरी.

‘‘भंगार आहे. पाच हजार लावा,’’ थोरला म्हणाला. त्याला ते स्वतःकडे ठेवायचं होतं.

‘‘त्यांना सांगा, तीन लाखांच्या खाली बात नाही,’’ धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला. दोघे एकाच मोटरसायकलवर आले होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. या एका ओळीपायी अख्खी वाटणी अडली होती.

मी कागद ओढला. वडिलांनी ते 1970 साली जुनंच घेतलं होतं. आठशे रुपयांची पावती जपलेली होती. दरसाल पंधरा टक्के घसारा, उतरत्या शिलकेवर, पन्नास वर्षं. उत्तर आलं चोवीस पैसे. चार आणे तर 2011 सालीच चलनातून गेलेले! दोघे भाऊ त्या दिवसात प्रथमच एकमेकांकडे बघून हसले. वाणिज्य शाखेचा समाजाला झालेला हा एवढाच उपयोग.

मग वस्तू बघायला निघालो. वस्तू घरात नव्हती. परवानेदार वारला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ते धुळ्याला एका दुकानात होतं. रजा टाकून गेलो. (बायकोला सांगितलं, रिव्हॉल्व्हर बघायला चाललोय. ती म्हणाली, येताना तूरडाळ आणा.)

दुकानदार म्हातारा आणि सोनारासारखा शांत होता. त्यानं आधी हत्यारावरचा नंबर परवान्याच्या नंबराशी ताडून पाहिला. मग नळीत उजेड धरून आतले वळणदार चरे पाहिले. ते झिजले की गोळी भरकटते. गोळ्यांचं चक्र हलवून पाहिलं, खुळखुळलं नाही. धाकट्यानं सुचवलं, ‘‘नवीन पॉलिश मारलं तर?’’ दुकानदारानं कानाला हात लावला. मूळची निळसर झिलई गेली की जाणकाराच्या लेखी किंमत उतरते. जुनं नाणं चिंच लावून घासावं तसं ते.

‘‘वेब्ली. बर्मिंगहॅमचं. बत्तीस बोअर,’’ तो म्हणाला. ‘‘लोखंड छान आहे. पण साहेब, किंमत लोखंडाची नसते.’’

‘‘मग कशाची?’’

‘‘कागदाची.’’

परतीच्या एस.टी.त मी यावर विचार केला, आणि घरी येऊन पुस्तकं काढली. म्हातारा इतिहासाचा सारांशच सांगून गेला होता.

सॅम्युअल कोल्टनं अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं 1836 साली. इंग्रज फौजेनं वेब्ली स्वीकारलं 1887 साली. या दोहोंच्या मधे आपल्याकडे सत्तावन्न होऊन गेलं. कळसाडीहून ज्याच्या रांगा दिसतात त्याच सातपुड्यात, आंबापाणीला, 1858 साली भिल्ल इंग्रजांशी लढले. खाज्या नाईक आणि भीमा नाईक ही त्यांतली नावं. त्या धड्यानंतर सरकारनं हत्यारं गोळा करायला घेतली, आणि 1878 साली लॉर्ड लिटननं शस्त्रकायदा केला. युरोपियनांना त्यातून माफी, आपल्या माणसाला परवाना. म्हणजे एकच रिव्हॉल्व्हर साहेबाच्या खिशात निव्वळ वस्तू, आणि आपल्या खिशात गुन्हा. वस्तू एक आणि भाव दोन! बाजारभावाचा पाया तिथंच खचला.

चोरबाजारातला भाव तर रुपयांत मोजायची सोयच नव्हती. लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात आली. त्यांतल्या एकानं 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. हा व्यवहार कुठल्या खात्यावर लिहायचा, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

आमच्या खानदेशातच 14 एप्रिल 1944 ला चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला सरकारी खजिना पळवला. खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी. रक्कम सुमारे साडेपाच लाख. बँकवाल्याला अशी बातमी वाचताना अभिमान वाटावा की छातीत धडधडावं, हे कळत नाही. मला दोन्ही झालं.

स्वराज्य आलं. नवा शस्त्रकायदा 1959 साली झाला आणि 1962 च्या ऑक्टोबरात लागू झाला. साहेबाची माफी गेली, कागद राहिला. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर खाजगी माणसाला परदेशी हत्यारं आणायची बंदी झाली, आणि बापजाद्यांची वेब्ली रातोरात दागिना झाली. नवा माल येणार नाही म्हटल्यावर जुन्याचा भाव चढतो. सरकारी कारखान्यानं कानपूरला बत्तीस बोअरचीच रिव्हॉल्व्हरं केली. 2014 साली त्यांतलं बायकांसाठी म्हणून केलेलं ‘निर्भीक’ निघालं, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. निर्भीक व्हायला आधी कर्ज काढावं लागणार, हे मी त्या वेळीही बायकोला म्हणालो होतो. 2019 साली कायदा बदलला. माणशी तीन हत्यारांची मुभा होती, ती दोनवर आली. तिसरं वर्षभरात सोडा. बाजारात माल वाढला. आणि 2020 साली खुद्द वेब्लीच उत्तर प्रदेशात संडीला इथं रिव्हॉल्व्हर बनवू लागली. भाव चढवणारं कलम दिल्लीचं, उतरवणारंही दिल्लीचं. मधे लोखंड आहे तिथंच.

भावांना मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, वाजवी किंमत म्हणजे राजीखुशीच्या घेणाऱ्यानं राजीखुशीच्या देणाऱ्याला, कोणावर दडपण नसताना दिलेली किंमत. पण इथं घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि दुसऱ्या परवानेदाराला विकायचं तर आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबा. नोंदणी लग्नाला तीस दिवसांची नोटीस पुरते. तुमच्या दोघांकडेही परवाना नाही. म्हणजे घरात ठेवायचं तर आज त्याची किंमत शून्य. विकायचं तर दुकानदार देईल ती.

‘‘मी वारसाचा परवाना मागतो,’’ थोरला म्हणाला. ‘‘खंडेनवमीला वडील ते पाटावर ठेवायचे. पुसायचं काम माझ्याकडे असायचं.’’

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग प्रथमच त्यानं थोरल्याकडे तोंड केलं. ‘‘दादा, मला पैसे नकोतच. तीन लाख म्हणालो, ते तू घेऊ नये म्हणून. बांधावरून आपण दोनदा हातघाईवर आलो. भांडणाच्या घरात ते नको.’’

काउंटरवर कोणी बोललं नाही. मी ‘दडपण नसताना’ हे शब्द उगाच दोनदा वाचले.

थोरल्यानं यादी ओढून घेतली, कोऱ्या जागेत ‘विकणे, निम्मे निम्मे’ लिहिलं आणि सही केली. पुढे ते विकलं गेलं. आकडा सांगत नाही, बँकेची सवय आहे. दोघांच्या अंदाजांच्या मधला होता एवढंच.

दसऱ्याला आपटा द्यायला कळसाडीला गेलो. थोरल्याच्या घरी नवमीची पूजा अजून तशीच मांडलेली होती. पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड, आणि त्या रिव्हॉल्व्हरचं रिकामं चामडी म्यान, झेंडू वाहिलेलं. त्याला परवाना लागत नाही. ते यादीत नव्हतंच. धाकट्यानं आपणहून आणून दिलं होतं.

त्याची किंमत मात्र मला कोणी विचारली नाही. विचारली असती तर चटकन सांगितली असती: खरेदी किंमत वजा घसारा.