स्थान-धूसरीकरण

स्थान-धूसरीकरण म्हणजे एखाद्या घराचे अक्षांश-रेखांश ऑनलाइन नकाशावर जसेच्या तसे न देता जाणीवपूर्वक अंदाजे दाखवणे. परिसर कळावा, पण दार कळू नये, हा त्यामागील हेतू असतो. आरोग्य सर्वेक्षणे, भाड्याच्या घरांच्या जाहिराती व मोबाइल ॲप यांत त्याचा वापर होतो.

पद्धती

दशांश स्थळे कमी करणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. जळगाव शहरातील पिंप्राळा भागात (सुमारे २१° उत्तर अक्षांश) अंशाचे पाचवे दशांश स्थळ साधारण एक मीटर अंतर दर्शवते. म्हणजे घराचा उंबरठाच सापडतो. दोनच स्थळे ठेवल्यास तो बिंदू उत्तर-दक्षिण १.१ किमी व पूर्व-पश्चिम १.०४ किमीच्या चौकटीतील कोणत्याही घराचा असू शकतो. दाट वस्तीत एवढे पुरते; शेतातील एकट्या घराला मात्र हा आडोसा अपुरा पडतो. म्हणून अंतरापेक्षा चौकटीतील घरांची संख्या महत्त्वाची ठरते.

दुसऱ्या पद्धतीत बिंदू यादृच्छिक दिशेने सरकवला जातो. आर्मस्ट्राँग, रश्टन व झिमरमन यांनी १९९९ मध्ये आरोग्यविषयक माहितीसाठी अशा पद्धतींचा अभ्यास मांडला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या सर्वेक्षणाची समन्वयक आहे. चौथ्या फेरीच्या (२०१५–१६) स्थानमाहितीत घर नव्हे, तर नमुना-गटाचा मध्यबिंदू दिला जातो व तोही हलवून: शहरी गट २ किमीपर्यंत, ग्रामीण ५ किमीपर्यंत आणि ग्रामीण गटांपैकी १ टक्का १० किमीपर्यंत. बिंदू जिल्ह्यातच राहत असल्याने जिल्ह्यांची तुलना बिघडत नाही. मात्र पिंप्राळ्यातील गट जळगावच्या दुसऱ्याच वस्तीत दिसू शकतो. त्यामुळे 'दवाखाना किती दूर' यासारख्या प्रश्नांना ही माहिती फारशी उपयोगी नाही.

मर्यादा

घर मध्यभागी ठेवून वर्तुळ काढणे फसवे आहे, कारण केंद्र शोधणे सोपे असते. प्रत्येक वेळी नवे यादृच्छिक स्थान दाखवल्यास अनेक नोंदींची सरासरी खऱ्या घराकडे नेते. त्यामुळे एकदा सरकवलेला बिंदू कायम ठेवावा लागतो. आरोग्य सेतू ॲप ५०० मीटर ते १० किमी परिघातील बाधितांची संख्या दाखवत असे. मे २०२० मध्ये एका फ्रेंच सुरक्षा संशोधकाने खोटे स्थान पुरवून हव्या त्या ठिकाणचे आकडे मिळवता येतात, असे दाखवले. एकमेकांवर येणाऱ्या अशा परिघांच्या तुलनेतून शोधाचे क्षेत्र आणखी लहान होऊ शकते.

भारतीय टपाल खात्याची २०२५ मधील डिजिपिन ही दहा अक्षरांची प्रणाली याच्या उलट टोकाची असून ती सुमारे ४ मीटर चौरस नेमका दर्शवते. तिची शेवटची तीन अक्षरे गाळल्यास उरणारा चौरस सुमारे २५० मीटरचा असतो.