माप कोणाचे, परीक्षा कोणाची?

शिंप्याच्या दुकानात ज्याचा सदरा त्याचेच माप घेतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात मात्र गिऱ्हाईक समोर नसते; त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी मापे असतात. ती कोणाची, हा प्रश्न जुना आहे. आता संगणक माणसाची कपड्यांसकट प्रतिकृती घडवू लागला आहे, आणि तिला ‘अवतार’ हे आपलेच नाव मिळाले आहे. त्यामुळे तो प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

अमेरिकेत 1939-40 साली सरकारी खात्याने सुमारे 15,000 स्त्रियांची मापे घेतली; पण हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रिया धरल्या. इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील शरीरमापांचा ग्रंथ 1951 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. तेथे माणसे जातसमूहांप्रमाणे निवडली होती, कारण प्रश्नच त्या समूहांतील साम्यभेदाचा होता. निवड प्रश्नाला धरून होते; एका प्रश्नासाठी जमवलेली मापे दुसऱ्याला लागू पडतीलच असे नाही.

पुढे 2019 साली ‘पिफू’ नावाच्या पद्धतीने एका छायाचित्रावरून सवस्त्र देह उभा केला. तिच्या कर्त्यांनी विकत मिळणाऱ्या 491 त्रिमिती प्रतिमा घेतल्या. 442 शिकवण्यासाठी, 49 परीक्षेसाठी. ही वाटणी का? वर्गात सोडवलेलीच गणिते परीक्षेत घातली, तर पोराला गणित येते की नुसते पाठ आहे, हे कळणार नाही. एकच माणूस सदरा बदलून दोन्ही ढिगांत बसला, तरी परीक्षा फुटलीच म्हणायची. शिवाय दोन्ही ढीग एकाच दुकानातले असले, तर दुकानाबाहेरच्या जगाची परीक्षा होतच नाही. म्हणूनच त्या कर्त्यांनी ‘बफ’ या वेगळ्या संग्रहावरही आपली पद्धत तपासली.

कामगाराला हे नवे नाही. मुंबईचा महागाई निर्देशांक 1933-34 साल पाया धरून चालत आला होता. त्याच्या खरेपणावर 1963 साली कामगारांनी आक्षेप घेतला, तेव्हा लकडावाला समिती नेमावी लागली. कोणाचा संसार आणि कोणत्या काळातला संसार मोजला, यावर हजारोंचा महागाई भत्ता ठरत होता.

‘निफ्ट’ संस्थेने भारतीय मापांसाठी 25,000 माणसे मोजण्याचे काम हाती घेतले, त्यासाठी मुंबईसह सहा शहरे निवडली. काम मोलाचे आहे. पण तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात खुरपणी करणाऱ्या बाईचे नऊवारी लुगडे, कासोटा आणि पदर यांचे काय? अंगासरशी विजार पाहून शिकलेली पद्धत घोळदार कपड्यावर अडखळते, हे संशोधकही मान्य करतात.

म्हणून यंत्राचे गुण कोणी सांगितले की दोन प्रश्न विचारावेत: ते कोणाकडे पाहून शिकले, आणि त्याची परीक्षा कोणावर घेतली? उत्तरात आपली माणसे दोन्हीकडे नसतील, तर ते गुण आपल्या कामाचे नाहीत.