केपचे द्राक्षमळे आणि गोव्याची मोनिका

डोंगरवाटांची भटकंती, द्राक्षमद्याची चव आणि श्वापदांचे दर्शन या तिन्ही गोष्टी एकाच सहलीत घडविण्याची प्रथा दक्षिण आफ्रिकेत आता चांगलीच रुळली आहे. वाटाड्या प्रवाशांना केप टाऊनच्या टेबल पर्वतावर चढवितो, पलीकडच्या कॉन्स्टान्शियाच्या मळ्यांत उतरवितो आणि शेवटी दूर ईशान्येच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात सिंह व हत्ती दाखवितो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना मद्य वर्ज्य असेल. तथापि या वाटेवरचा इतिहास गोमंतकाला परका नाही. म्हणून त्या वाटेच्याच क्रमाने तो येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

टेबल पर्वत सुमारे १,०८५ मीटर उंच असून त्याचा माथा पाटासारखा सपाट आहे. १५०३ साली हिंदुस्थानाकडे निघालेला पोर्तुगीज कप्तान आंतोनियु द साल्दान्या आपण कोठे आलो आहोत हे पाहण्यासाठी त्यावर चढला. युरोपियनाने केलेली ही पहिली ज्ञात चढाई होय. पायथ्याच्या कुरणांत तेव्हा खोइखोइ लोक गुरे-मेंढ्या चारीत होते. १ मार्च १५१० रोजी पोर्तुगीज हिंदुस्थानचा पहिला विजरई फ्रान्सिश्कु द आल्मेइदा मायदेशी परतताना येथे थांबला असता त्याच्या माणसांचा खोइखोइंशी कलह झाला आणि विजरईसह साठांहून अधिक पोर्तुगीज किनाऱ्यावरच मारले गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आल्बुकेर्कने गोवा शहर दुसऱ्यांदा व कायमचे जिंकले. ज्या सत्तेने आमच्या भूमीवर साडेचारशे वर्षे ठाण मांडले, तिच्या पहिल्या विजरईला गुराख्यांनी लोळविले, ही गोष्ट गोमंतकीयांनी विसरू नये.

पोर्तुगीजांनी त्या किनाऱ्यावर वसाहत केली नाही. ती १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान व्हान रीबेकने केली. १६५५ मध्ये त्याने द्राक्षवेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपच्या द्राक्षांचे पहिले मद्य गाळल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. त्याच वर्षी, चराऊ रानांवर डचांची शेते पसरलेली पाहून खोइखोइंनी शस्त्र उचलले. १६६० च्या तहाच्या वेळी त्यांच्या नायकांनी भूमीवरचा आपला पूर्वापार हक्क सांगितला. ही भूमी आता युद्धात जिंकलेली आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. खोइखोइंची गुरे बाहेर ठेवण्यासाठी व्हान रीबेकने रानबदामाचे कुंपण लावविले. त्याचा काही भाग कर्स्टनबॉश वनस्पतिउद्यानात आजही हिरवा आहे, आणि पर्वतावर जाणारी एक प्रसिद्ध वाट त्याच उद्यानातून सुरू होते.

पर्वताच्या मागील उतारावरील कॉन्स्टान्शियाची जमीन १६८५ मध्ये सिमोन व्हान डेर स्टेल या डच अधिकाऱ्याला मिळाली. पुढे तो केपचा गव्हर्नर झाला. त्याच्या मळ्यातील गोड मद्याची कीर्ती पुढील शतकांत युरोपभर पसरली. सेंट हेलेना बेटावरील बंदिवासात नेपोलियनसाठी तेच मद्य जात असे. या सिमोनची आई मारिया लीव्हन्स ही एका डच कप्तानाची मुलगी. आणि मारियाची आई कोण? गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका म्हणून ओळखली जाणारी, दास्यातून मुक्त झालेली एक हिंदी स्त्री! तिचे मूळ गाव, तिची भाषा, तिच्या माहेरचे दैवत, यांपैकी काहीही कागदावर उरलेले नाही. उरले ते केवळ परक्यांनी दिलेले नाव आणि गोव्याचा उल्लेख.

आजी दास्यातून सुटलेली; नातवाच्या मळ्यात मात्र दासच राबत होते. १८०८ पर्यंत केपमध्ये सुमारे ६३,००० माणसे दास म्हणून उतरविण्यात आली, आणि त्यांतील जवळजवळ चतुर्थांश हिंदुस्थान व सिंहलद्वीपातील होती. ‘बंगालचा’, ‘मलबारची’, ‘कोरोमंडलचा’ एवढाच त्यांचा पत्ता दप्तरांत आढळतो. १८३४ मध्ये दास्य कायद्याने संपले. पण उमेदवारीच्या नावाखाली चार वर्षे तीच वेठ चालली आणि खरी सुटका १ डिसेंबर १८३८ रोजी झाली.

आता श्वापदांकडे वळू. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिली असून आपल्या ‘सफर’ शब्दाप्रमाणे तोही अरबीतून आला आहे. परंतु बंदूकधारी वसाहतवाल्यांच्या सफरीने केपची वने ओस पाडली. ब्लूबक हा हरणासारखा प्राणी १८०० च्या सुमारास नाहीसा झाला. अर्ध्या अंगावरच पट्टे असलेल्या क्वागाचा शेवटचा जीव १८८३ मध्ये आम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. या संहारानंतर रक्षणाची बुद्धी सुचली. १८९८ मध्ये साबी अभयारण्य घोषित झाले व १९२६ मध्ये त्यातूनच क्रूगर उद्यान उभे राहिले. पण पशूंच्या रक्षणाची किंमतही माणसांनीच मोजली. उद्यान वाढविण्यासाठी १९६९ मध्ये मकुलेके लोकांना त्यांच्या गावांतून हाकलण्यात आले. १९९८ मध्ये जमीन परत मिळाल्यावर त्यांनी ती नांगरली नाही. ती वन्य पशूंकडेच राहू दिली आणि प्रवाशांपासून येणाऱ्या उत्पन्नात आपला वाटा घेतला.

मकुलेकेंना भूमी परत मिळाली. केपच्या खोइखोइंचे वंशज आजही आपला हक्क मागत आहेत. मोनिकेला तर परत देण्यासारखे काही उरलेलेच नाही, तिच्या नावाच्या स्मरणाखेरीज. गोमंतकातून कोणी त्या सहलीस गेल्यास त्याने चषकास हात लावो अथवा न लावो; रानबदामाचे ते कुंपण मात्र अवश्य पाहावे, आणि कॉन्स्टान्शियाच्या मळ्यात उभे राहून वाटाड्याला गोव्याच्या मोनिकेविषयी विचारावे.