अक्षरांची मायानगरी

संगणकावरील खेळ म्हटला की लखलखती चित्रे, धावती पात्रे आणि कानठळ्या बसविणारे आवाज डोळ्यांपुढे येतात. या खेळांच्या कुळातील एका मूळपुरुषाला मात्र चित्रांची गरज कधी भासलीच नाही. ‘मड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात पडद्यावर केवळ अक्षरे उमटतात. १९७८ साली जन्मलेला हा प्रकार आजही टिकून असून त्यातील काही जगांनी तीस वर्षांचा पल्ला केव्हाच ओलांडला आहे.

खेळ चालतो कसा?

‘मल्टी-यूजर डंजन’, म्हणजे अनेकांनी मिळून धुंडाळावयाचे भुयार, या नावाचे ‘मड’ हे लघुरूप. खेळाडू दूरच्या संगणकाशी जोडला जातो आणि एखादे पात्र धारण करतो. तो जेथे जाईल तेथील वर्णन पडद्यावर येते. मराठीत असे वर्णन लिहावयाचे झाल्यास ते काहीसे पुढीलप्रमाणे असेल : ‘तुम्ही पडक्या वाड्याच्या चौकात उभे आहात. तुळशीवृंदावन कोरडे पडले आहे. उत्तरेच्या दाराला साखळी आहे. पूर्वेला पायऱ्या खाली उतरतात. येथे एक जोगी बसला आहे.’ यावर खेळाडूने ‘पूर्व’, ‘दिवा लाव’, ‘जोग्याशी बोल’ अशी आज्ञा टंकलिखित करावयाची. समोरचा जोगी हे संगणकाचे बाहुले असेल, किंवा हजारो मैलांवर बसलेला दुसरा खेळाडूही असेल.

उगम आणि विस्तार

या खेळाची पाळेमुळे दोन ठिकाणी सापडतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यानंतर विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाने केंटकीतील मॅमथ या खऱ्याखुऱ्या गुहेवरून ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा एकट्याने खेळावयाचा शब्दखेळ रचला. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये त्यात भर घातली.

अनेकांना एकाच वेळी एकाच जगात वावरू देण्याची कल्पना इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाचा विद्यार्थी रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये साकारली. त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने १९८० पासून ते काम पुढे नेले. एसेक्सबाहेरही या कल्पनेचे अनुकरण झाले. १९८७ मध्ये वेल्समध्ये ‘अ‍ॅबरमड’, १९८९ मध्ये स्वीडनमध्ये ‘एलपीमड’ आणि पुढे कोपनहेगन विद्यापीठात ‘डिकूमड’ तयार झाले. १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या सचित्र खेळाचे डिकूमडशी इतके साम्य होते की, त्यातील आज्ञावली आपण वापरलेली नाही, असे त्याच्या निर्मात्यांना २००० साली शपथेवर लिहून द्यावे लागले.

आकर्षणाची कारणे

सचित्र खेळ लवकर म्हातारे होतात. दहा वर्षांपूर्वीचे चित्र आज ओबडधोबड दिसते. ‘कोरडे पडलेले तुळशीवृंदावन’ हे शब्द मात्र जुने होत नाहीत, कारण ते चित्र वाचकाने स्वतःच्या मनात रंगविलेले असते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या १८६१ मधील ‘मुक्तामाला’पासून अद्भुतरम्य कादंबरी वाचत आलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगावयास नको. मडमध्ये वाचक स्वतःच कथेतील पात्र होतो, एवढाच फरक.

दुसरे कारण सोबतीचे. बार्टल यांनी १९९६ च्या आपल्या निबंधात खेळाडूंचे चार वर्ग पाडले व त्यांना पत्त्यांची नावे दिली. संपत्ती व पराक्रम मिळविणारे ते चौकट, जग खोदून पाहणारे ते इस्पिक, माणसे जोडणारे ते बदाम आणि इतरांवर कुरघोडी करणारे ते किलवर. चौघांनाही एकाच जगात जागा मिळते आणि एकाचा खेळ दुसऱ्यावर अवलंबून राहतो. शिवाय अनेक मडमध्ये जुना खेळाडूच पुढे निर्माता होतो. तो नव्या वाटा, नवी गावे, नवी कोडी लिहितो.

तिसरे कारण साधेपणाचे. अक्षरांना वेगवान जोडणी लागत नाही की महागडे यंत्र लागत नाही. १९९५ मध्ये विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सुरू केले, तेव्हा स्वस्तातील ‘शेल’ खात्यावर केवळ अक्षरेच दिसत. तेवढ्या सामग्रीवरही हा खेळ चालू शकतो. यवतमाळजवळील लोहाऱ्यातून खेळणारा आणि लंडनमधून खेळणारा यांच्यात त्यामुळे फारसा भेद उरत नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दृष्टिहीनांना येथे बरोबरीचे स्थान आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने ते मड खेळतात. दोन अंध ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञांनी २००६ मध्ये आणलेली ‘एनव्हीडीए’ ही अशीच एक मोफत आज्ञावली. चित्रमय खेळांनी ज्यांच्यासाठी दार लावून घेतले, त्यांना अक्षरांनी ते उघडून दिले.

शब्दांची इजा

हे जग खोटे असले तरी त्यातील माणसे खरी असतात. पावेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९९० मध्ये उभारलेल्या ‘लॅम्डामू’ या शब्दजगात १९९३ मध्ये एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर ताबा मिळवून त्यांच्या नावे अश्लील प्रसंग रंगविले. पडद्यावर केवळ वाक्ये उमटली, पण ज्यांच्याबाबत ते घडले त्यांना झालेला मनस्ताप खरा होता. रहिवाशांत वादविवाद झाला, अपराधी पात्र हटविण्यात आले आणि पुढे तेथे मागण्या मांडून मतदान घेण्याची पद्धत आली. आज समाजमाध्यमांवरील छळाबद्दल जे प्रश्न विचारले जातात, ते तेथे आधीच उपस्थित झाले होते.

टिकणार किती?

फिनलंडमधील ‘बॅटमड’ १९९० पासून, टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेले ‘डिस्कवर्ल्ड’ १९९१ पासून आणि व्यावसायिक तत्त्वावरील ‘अकिया’ १९९७ पासून चालू आहे. सचित्र खेळांच्या तुलनेत त्यांचे खेळाडू मूठभरच. यांपैकी बरीच जगे हौशी माणसांच्या पदरमोडीवर उभी आहेत. संगणक सांभाळणारा थकला की वर्षानुवर्षे लिहिलेली गावे एका रात्रीत नाहीशी होतात. पुस्तकाप्रमाणे त्यांची प्रत कुठल्या ग्रंथालयात उरेलच, याची शाश्वती नसते.

या जगांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी राहिली. जुन्या संगणकांची अक्षरसंहिता रोमन लिपीपुरती होती, हे त्याचे एक कारण. युनिकोडमुळे देवनागरीपुढील तो अडसर आता दूर झाला आहे. लेण्या, घाटवाटा, गढ्या आणि भुयारांच्या दंतकथा महाराष्ट्रात विपुल आहेत. त्या लिहून काढण्यासाठी चित्रकारांची फौज किंवा मोठे भांडवल लागत नाही. लागतात ती चार-दोन चिकाटीची लिहिणारी माणसे आणि रात्रंदिवस चालू राहील असा एक साधा संगणक.