तीस रुपयांचं बटण



गृहस्थाच्या घरात रोज जी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, तिची पाच ठिकाणं आपल्याकडे सांगितली आहेत: चूल, जातं, उखळ, पाण्याचा घडा आणि केरसुणी. यांनाच पंचसूना म्हणतात. आता चुलीच्या जागी गॅस आला आणि कुटणं-वाटणं बरंचसं मिक्सरकडे गेलं. या दोन्हींचा कारभार चालतो तो बोटात मावणाऱ्या एका प्लास्टिकच्या तुकड्यावर. कोणी त्याला बटण म्हणतं, कोणी नॉब. आमच्या सासूबाई ‘गॅसचा कान’ म्हणायच्या. हा कान आपल्या स्वयंपाकघरात आला कसा, आणि तुटला तर काय करायचं, हे आज लिहिते.

चुलीला कान नव्हता. लाकूड आत सारलं की जाळ मोठा, बाहेर ओढलं की लहान. नंतर पंपाचा स्टोव्ह आला. हा स्टोव्ह स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी 1892 मध्ये काढला आणि ‘प्रायमस’ नावाने जगभर पोहोचवला. त्यालाही ज्योत कमी-जास्त करायचं बटण नव्हतं. जाळ हवा असेल तर पंप मारायचा, नको असेल तर स्क्रू सैल करून हवा सोडायची. भर्रर्र आवाजावरूनच आच कळायची. वातीच्या स्टोव्हला मात्र चावी होती. ती फिरवली की वाती वर-खाली व्हायच्या. बोटांनी आच ठरवायची सवय अनेक घरांत इथून लागली.

बटण कशाचं करायचं, हा वेगळाच प्रश्न होता. लाकूड जळतं, धातू तापतो आणि त्यातून वीज वाहते. 1907 मध्ये अमेरिकेत लिओ बेकलँड यांनी बेकेलाइट तयार केलं. एकदा साच्यात घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही, आणि त्यातून वीजही जात नाही. जुन्या घरांतली विजेची काळी गोल बटणं, कुकरच्या मुठी, रेडिओचे कान हे सगळं बेकेलाइटचं. ठाण्याच्या कारखान्यात बनणाऱ्या मर्फी रेडिओचे कान पिळून ज्यांनी विविधभारती लावली असेल, त्यांना त्याचा जड, गुळगुळीत स्पर्श आठवेल.

गॅस आपल्या देशात घरोघर जायला लागला तो 1955 मध्ये, मुंबईत. बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ नावाने सिलिंडर विकायला सुरुवात केली. ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले होते, त्यामुळे हा वायू हाताशी होता. 1965 मध्ये कोलकात्यात इंडेन आलं. आपल्यासारख्या गावांत मात्र पुढे कितीतरी वर्षं नंबर लावून वाट पाहावी लागली.

गॅसचं बटण आधी दाबायचं, मग फिरवायचं. लहान मुलाचा हात किंवा पदर लागून ते सहज फिरू नये म्हणून ही सोय. शेगडीवर आधी मोठी ज्योत येते आणि शेवटी बारीक, यामागेही विचार आहे. बारीक ज्योत जर ‘बंद’च्या शेजारी असती, तर आच कमी करताना गॅस विझला असता. आणि आपण ज्याला ‘सिम’वर ठेवणं म्हणतो, तो शब्द ‘सिमर’ म्हणजे मंद उकळणं, यावरून आला आहे.

मिक्सरची गोष्ट तर दुरुस्तीतूनच सुरू होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माधुरी माथुर यांच्याकडचा ब्राऊनचा जर्मन मिक्सर बंद पडला. इथे त्याची दुरुस्ती होईना. परदेशी मिक्सर तिकडच्या कामासाठी बनलेले. आपली भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड वाटणं हे त्यांच्या ताकदीबाहेरचं. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी भारतीय वाटणाला पुरेल अशी दमदार मोटर असलेला मिक्सर स्वतःच बनवायचं ठरवलं. 1963 मध्ये कंपनी सुरू झाली आणि पुढे ‘सुमीत’ हे नाव घरोघर झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, त्यामुळे हे साल माझ्या लक्षात राहतं. एका घरातली वस्तू दुरुस्त होईना, म्हणून देशभरातल्या बायकांच्या खांद्यावरचं वरवंट्याचं ओझं उतरलं.

आता मुद्द्याचं. बटण तुटतं म्हणजे बहुतेक वेळा वरून दिसतं तसं तुटत नाही. आतला दांडा अर्धगोल असतो, एका बाजूने सपाट, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा. बटणाच्या पोटातलं भोकही तसंच. रोजच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने त्या भोकाच्या कोपऱ्याला चीर जाते. मग बटण नुसतं गरगर फिरतं आणि दांडा जागचा हलत नाही. बटण ‘बंद’ दाखवतं, पण आत गॅस चालूच असतो. खरा धोका हा आहे.

अनेक घरांत मग ओट्यावर पक्कड येते. ओळखीच्या एका घरी असंच महिनोन्महिने चाललं होतं. एकदा आजी घरात एकट्या असताना दूध उतू जाऊन ज्योत विझली. गॅसचा वास सुटला आणि पक्कड काही सापडेना. आजींनी खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि दिव्याच्या बटणाला हातही लावला नाही, म्हणून निभावलं. त्या घरात बटण बदलायला ‘वेळ मिळत नव्हता’. आपण गाळणं लावून पाणी गाळतो, धान्य निवडून घेतो. तीच यतना इथेही लागू आहे. विनाकारण पेटत राहिलेली शेगडी हा अग्निकायिक जीवांचा अनर्थदंडच, आणि सुटलेला गॅस तर घरातल्या माणसांच्याच जिवावर.

काम तसं सोपं आहे. गॅस असेल तर रेग्युलेटर बंद करा, मिक्सर असेल तर पिन काढा. बटण सरळ बाहेर ओढा. जुनं बटण बरोबर घेऊनच दुकानात जा. दांड्याची जाडी, सपाट बाजू वर की खाली, आणि भोकाची खोली या तीन गोष्टी जुळायला हव्यात. पोटात पत्र्याची छोटी क्लिप असेल तर नव्यातही ती आहे का, ते पाहा. नवं बटण दाबल्यावर परत वर आलं पाहिजे, शेगडीला घासता कामा नये. गोंद लावून चिकटवू नका, पुढे काढता येत नाही. आणि नवं बटण लावूनही दांडा घट्टच फिरत असेल किंवा वास येत असेल, तर दोष आतल्या व्हॉल्व्हचा आहे. तिथे आपला हात नको, गॅसवाल्यालाच बोलवा.

आमच्या शेगडीचं डावं बटण असंच गेलं, तेव्हा एका विक्रेत्याने सांगितलं, “काकू, या मॉडेलचं आता काही मिळत नाही, नवीन शेगडीच घ्या.” मी बी.कॉम. शिकलेली बाई. शेगडीचा घसारा मला समजतो, पण एका बटणापायी सगळी शेगडी मोडीत काढणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. गावातल्या जुन्या दुरुस्तीवाल्या भाऊंनी डब्यातून चार बटणं काढली, तिसरं बसलं. तीस रुपये.

ही आता सरकारलाही पटलेली गोष्ट आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, वाहनं यांच्याबरोबर आपल्या घरातली उपकरणंही आहेत.

अपरिग्रह म्हणजे कमी घेणं एवढंच नाही. घेतलेलं शेवटपर्यंत वापरणं, हाही त्याचाच भाग. तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळचा स्वयंपाक आटोपला की शेगडी बंद असताना प्रत्येक बटण एकदा हलवून बघा. एखादं सैल लागलं, तर उद्याच्या बाजाराच्या यादीत पहिलं नाव त्याचं लिहा.