टिकवून धरणारा माणूस

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. सकाळी हजेरी घेत होतो, तेवढ्यात आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, अपना कोच हार गया.”

आदल्या रात्री मडगावला भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून 1-2 असा हरला होता. आधी छांगतेनं गोल करून आघाडी घेतली होती, ती टिकली नाही. 2027 च्या आशियाई चषकाचं दार त्या रात्री बंद झालं. पातूरसारख्या गावात, जिथं प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर क्रिकेटचे तीन डाव एका वेळी चालतात, तिथल्या एका पोरानं हा सामना जागून पाहिला होता, याचंच मला आधी नवल वाटलं. मग त्याच्या त्या ‘अपना’ शब्दावर मन अडलं. आपला म्हणजे कोणाचा? भारताचा? मुंबईचा? की नाव खालिद जमील आहे म्हणून आपला?

मी काही विचारलं नाही. पण या माणसाची गोष्ट नीट सांगायला हवी, असं तेव्हाच ठरवलं.

इंग्लंडात फुटबॉल हा शंभराहून अधिक वर्षं पोटापाण्याचा धंदा आहे. तिथे एका जातीच्या खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. आपल्या वऱ्हाडात गादी भरणारा पिंजारी जसा धनुकली खांद्याला लावून या गावाहून त्या गावी जायचा, तसा हा खेळाडू. काम पक्कं येतं, पण त्याच्या नावाचा डंका कुठे वाजत नाही. आज या क्लबात, उद्या त्या क्लबात. गुडघे थकले की यांतलेच काही जण प्रशिक्षक होतात आणि तीच फिरस्ती पुन्हा सुरू होते.

असाच एक इंग्रज मुंबईत आला होता, डेव्हिड बूथ. बार्न्सले आणि ग्रिम्सबी या लहान शहरांच्या क्लबांकडून बचावफळीत खेळलेला, 1982 ते 1985 ग्रिम्सबीचाच मॅनेजर राहिलेला. फिरत फिरत तो महिंद्रा युनायटेडला आला आणि पुढे 2007 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. 2008 मध्ये या नव्या क्लबानं आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून वरच्या श्रेणीत जागा मिळवली. त्याच संघात दुखापतींनी बेजार झालेला एक तिशीतला खेळाडू होता. 2009 मध्ये बूथनंतर संघाची सूत्रं त्याच्या हाती आली. तो खालिद जमील.

खालिदचा जन्म 21 एप्रिल 1977 चा, कुवेतचा. आईवडील भारतीय, मूळचे पंजाबी. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानानं मायदेशी आणले गेले. आखातात कमावलेलं सगळं तिथेच टाकून परतलेली माणसं आपल्याही भागात आहेत. त्या युद्धानंतर जमील कुटुंब मुंबईत आलं आणि खालिद मुंबईकर झाला.

त्या काळी मुंबईत फुटबॉल म्हणजे कंपन्यांचे संघ. महिंद्रा, एअर इंडिया, आरसीएफ, त्याआधी मफतलाल, ऑर्के. चांगला खेळणाऱ्याला नोकरी मिळायची आणि खेळ संपला तरी घर चालायचं. खालिद 1997 मध्ये महिंद्रात आला, मग एअर इंडियात गेला, 2002 मध्ये पुन्हा महिंद्रात. जागा मधल्या फळीतली. भारताकडूनही खेळला. 2005-06 मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली महिंद्रानं राष्ट्रीय लीग जिंकली, पण तोवर दुखापतींनी खालिदला बहुतेक वेळ मैदानाबाहेर बसवलं होतं.

याच काळातली एक गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. कोलकात्याचे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान हे दोन्ही बडे क्लब त्याला घ्यायला तयार होते. त्या वेळी दोन्ही क्लबांच्या नावापुढे दारू कंपनीचं नाव लागत असे. खालिद गेला नाही. त्या दिवसांत भारतीय फुटबॉलमध्ये पैसा आणि नाव दोन्ही कोलकात्यातच होतं, तेव्हा त्याला काय सोडावं लागलं ते उघड आहे. पण त्यानं त्याचा गाजावाजा केला नाही, कोणाला उपदेशही केला नाही. आपल्याकडे दीनदारीचा आवाज फार मोठा झाला आहे, म्हणून ही शांतता मला मोलाची वाटते.

आता मुंबई एफसीकडे. 2009 ते 2016, सात वर्षं खालिद या संघाचा प्रशिक्षक होता. या सात वर्षांत संघानं लीग जिंकली नाही, तिच्या जवळपासही गेला नाही. घरचं मैदान कूपरेज. त्याचं नूतनीकरण चाललं तेव्हा ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. पैसा बेताचा, परदेशी खेळाडू परवडतील तेवढेच. संघ बचावावर भर द्यायचा, सामने 0-0 नाही तर 1-1 सुटायचे. लोक म्हणायचे, रटाळ खेळ आहे. असेलही.

पण हा संघ सात वर्षांत एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. घसरणं म्हणजे काय, तेही सांगतो. तळाला राहिलेला संघ खाली गेला की प्रायोजक हात काढून घेतो, खेळाडूंचे करार संपतात आणि कधी कधी क्लबच मिटतो. खुद्द महिंद्रा युनायटेड तर न घसरताच 2010 मध्ये कंपनीनं बंद केला. म्हणजे मुंबई एफसी वरच्या श्रेणीत टिकली तोवर वीस-पंचवीस घरांची चूल त्या टिकण्यावर पेटत होती. गुणतक्त्यात मात्र तो नुसता एक क्रमांक दिसतो.

2016 मध्ये मुंबई एफसीनं प्रशिक्षक बदलला. मोकळा झालेला खालिद मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला. हा संघ आधीच्या हंगामात घसरलेलाच होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढलं म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली, इतकंच. खालिदबरोबर मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही गेले. अल अम्ना हा सीरियन मधल्या फळीत होता. बाकी बहुतेक मिझो पोरं.

22 एप्रिल 2017 ला ऐझॉलनं मोहन बागानला 1-0 हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगला शेवटचा सामना, हवी होती फक्त बरोबरी. नवव्या मिनिटाला लाजाँगनं गोल केला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान जिंकत होता. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली आणि 37 विरुद्ध 36, एका गुणानं ऐझॉल भारताचा विजेता झाला. ईशान्येकडच्या संघानं देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आयुष्यभर 1-1 साठी टोमणे खाल्लेल्या माणसाला विजेतेपद मिळालं तेही 1-1 नं.

आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिली आणि घसरली. पुढे तो क्लबच उरला नाही. सात वर्षांच्या त्या टिकून राहण्याची किंमत मुंबईला तेव्हा कळली असावी.

पुढची वाट पुन्हा फिरस्तीची. खेळाडू म्हणून जिथे गेला नव्हता त्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांत प्रशिक्षक म्हणून जाऊन आला. दोन्हीकडे फार टिकू दिलं गेलं नाही. इंडियन सुपर लीग 2014 पासून चालू होती, पण मुख्य प्रशिक्षक परदेशीच हवा अशी तिथली रीत होती. भारतीय माणूस मदतनीस, आणि नाव बुडायला लागली की ‘हंगामी’. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं स्पॅनिश प्रशिक्षकाला काढून खालिदला हंगामी केलं. साखळीतले उरलेले नऊ सामने होते. सहा जिंकले, तीन बरोबरीत, एकही हार नाही. संघ तिसरा आला, उपांत्य फेरीत गेला. त्यानंतरच ऑक्टोबर 2021 मध्ये ‘हंगामी’ शब्द पुसला गेला आणि सुपर लीगला पहिला भारतीय पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक मिळाला. पुढच्या हंगामात तोच संघ अकरांत दहावा आला. हेही सांगितलं पाहिजे.

मग जमशेदपूर. 2024-25 मध्ये संघ पाचवा, उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी. 1 ऑगस्ट 2025 ला तो भारताचा प्रशिक्षक झाला. 2012 नंतर या जागेवर बसलेला पहिला भारतीय. शेवटच्या तीन नावांत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइनही होते. महिन्याभरात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी 2-1 हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरं स्थान मिळवलं. सगळीकडे वाहवा झाली. मग ऑक्टोबरात मडगाव, नोव्हेंबरात ढाका. बांगलादेशकडून 22 वर्षांनी हार. वाहवा करणारे गप्प झाले. त्यानं संघ हाती घेतला तेव्हा पात्रता फेरीच्या दोन सामन्यांत मिळून भारताकडे एक गुण होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली.

आपल्या मुलांना आपण मुस्लिम माणसांच्या दोनच प्रकारच्या गोष्टी सांगतो, असं मला वीस वर्षांच्या मास्तरकीत जाणवलं आहे. एक तर आभाळाला टेकलेल्यांच्या, नाही तर चिरडल्या गेलेल्यांच्या. हैदराबादचे रहीम साहेब तर आमच्यासारखेच शाळामास्तर. त्यांनी भारताला 1956 च्या ऑलिम्पिकमध्ये चौथं आणि 1962 च्या आशियाई खेळांत सोनेरी केलं. त्यांची गोष्ट मी सांगतोच. पण माझ्या वर्गातली चाळीस मुलं रहीम साहेब होणार नाहीत. ती वायरमन होतील, दुकान सांभाळतील, कंत्राटावर शिकवतील, आणि अडचणीत आलेलं काहीतरी दर साल टिकवून धरतील. त्यांच्या कामाचा गुणतक्ता कोणी छापणार नाही. सब्र म्हणजे हात बांधून बसणं, असं अनेकांना वाटतं. मला तो सात वर्षं 1-1 काढणाऱ्या माणसात दिसतो.

दुसऱ्या दिवशी ही सगळी गोष्ट वर्गात सांगितली. फळ्यावर 37 आणि 36 लिहिले. शेवटी त्या मुलाला विचारलंच, “अपना कोच म्हणालास, ते का रे?”

तो थोडा गोंधळला. “सर, बंबई का है ना. अपने महाराष्ट्र का.”

मी फळा पुसला आणि पुस्तक उघडायला सांगितलं.