प्रबंधाचा पत्ता आणि दाराचा क्रमांक

(१)

आटपाडी हे गाव आपल्या जागेवरून कधी हललेले नाही. त्याचा पत्ता मात्र पन्नास-साठ वर्षांत अनेकदा बदलला. १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर येथील कैद्यांच्या मुक्त वसाहतीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या गावाविषयीचे जुने कागद शोधू पाहणाऱ्यास प्रथम हे ठरवावे लागते की, कोणत्या वर्षी हे गाव कोणत्या दप्तरात मोडत होते. वस्तू आहे तेथेच असते. तिच्याकडे नेणारा पत्ता तेवढा जुना होतो.

हीच अडचण आज आटपाडीवरील संशोधनासही वेगळ्या रूपाने भेडसावते. ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हे तिघेही या परिसरातले लेखक. त्यांचे साहित्य मराठीतील अनेक अभ्यासकांचा विषय झाले आहे. असे प्रबंध पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटात राहत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे प्रबंधाची विद्युत्-प्रत सादर करणे आवश्यक केले, आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राने 'शोधगंगा' हे प्रबंधभांडार उभे केले. सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांचे शिवाजी विद्यापीठ (स्थापना १९६२) आपले प्रबंध तेथेच ठेवते. या भांडाराच्या पहिल्या काही वर्षांत घेतलेले संदर्भ पाहिले असता एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. अनेक पत्त्यांत संस्थेच्या नावापुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि त्यापुढे ८०८० ही संख्या छापलेली आढळते. ही संख्या प्रबंधाचा क्रमांक नव्हे, पृष्ठांक नव्हे, वर्ष तर नव्हेच. ती एका यंत्राच्या दाराचा क्रमांक आहे. तो विद्वानांच्या संदर्भसूचीत कसा शिरला आणि तेथून का काढला पाहिजे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

(२)

प्रथम संज्ञेचा विचार करू. संगणकशास्त्रात या दारास 'पोर्ट' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द दोन लॅटिन शब्दांवरून आला आहे : 'पोर्ता' म्हणजे दार आणि 'पोर्तुस' म्हणजे बंदर. दोन्ही लॅटिन शब्द एकाच कुळातले असले तरी त्यांचे अर्थ निराळे झाले. मराठीत फारसीवरून आलेला 'बंदर' हा शब्द हाताशी असल्याने भाषांतरकारास तो वापरण्याचा मोह होतो. परंतु तो येथे योग्य नव्हे. बंदरात माल उतरतो, साठतो, तेथे नावा नांगर टाकून राहतात. संगणकाच्या पोर्टात काहीच साठत नाही. एकाच यंत्रावर अनेक कार्यक्रम चालू असतात, आणि बाहेरून आलेला निरोप त्यांपैकी कोणाकडे जावयाचा हे ठरविण्यापुरता तो क्रमांक असतो. यंत्राचा पत्ता ही वाड्याची खूण मानली, तर पोर्ट म्हणजे त्या वाड्यातील खोल्यांच्या दारांवरचे क्रमांक होत. तेव्हा 'दार' हाच अर्थ येथे जुळतो.

हे क्रमांक नियमित कसे झाले, याचा इतिहास अमेरिकेतील अर्पानेट या संगणकजालापासून सुरू होतो. १९७२ साली लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल यांनी असे सुचविले की, कोणत्या सेवेस कोणता क्रमांक द्यावयाचा हे एका व्यक्तीने ठरवावे. आणि ते काम बहुधा आपणच करावे, असेही त्यांनी अर्धवट विनोदाने सूचित केले. प्रत्यक्षात ते काम त्यांनी १९९८ मधील आपल्या निधनापर्यंत सांभाळले. १९७४ साली व्हिन्टन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी संगणकजाले परस्परांशी जोडण्याची जी पद्धती मांडली, तीत 'पोर्ट' ही संज्ञा येते. १९८१ साली टीसीपी या नियमावलीचे जे रूप स्थिर झाले, त्यात या क्रमांकास सोळा द्वयंकांची जागा मिळाली. म्हणून सर्वांत मोठा क्रमांक ६५५३५ इतकाच होऊ शकतो.

जुन्या क्रमांकांकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले असता त्यांत लुप्त व्यवस्थेचे अवशेष सापडतात. फाइल पाठविण्याच्या सेवेचा क्रमांक २१, टेलनेटचा २३, विद्युत्-टपालाचा २५, सर्व विषम. याचे कारण असे की, टीसीपीपूर्वीच्या व्यवस्थेत एक दार एकाच दिशेने चाले, म्हणून संभाषणास सम व विषम अशी दोन दारे लागत. नव्या व्यवस्थेत एकच दार दोन्ही दिशांना पुरू लागले. सम क्रमांक मोकळे झाले आणि विषम क्रमांक मागे राहिले. विभक्तिप्रत्यय झिजून गेल्यावर सामान्यरूप मागे राहावे, तसाच हा प्रकार होय. टिम बर्नर्स-ली यांच्या वर्ल्ड वाइड वेबला १९९२ च्या नोंदवहीत ८० हा क्रमांक मिळालेला दिसतो. तो सम आहे, आणि जुनी व्यवस्था तोपर्यंत नाहीशी झाली होती याची ती खूणच आहे. वेबचे दार ८० हेच असते असे ब्राउझर गृहीत धरतो; म्हणून पत्त्यात ते लिहावे लागत नाही. सुरक्षित संपर्कासाठी ४४३ हे दार तसेच गृहीत असते. अन्य कोणतेही दार असेल तर मात्र ते पत्त्यात उच्चारावेच लागते.

(३)

मग ८०८० कोठून आले? बर्कली येथे घडविलेल्या युनिक्स प्रणालीत असा दंडक होता की, १०२४ च्या खालचे दार फक्त यंत्राच्या सर्वाधिकाऱ्यास, म्हणजे 'रूट' या वापरकर्त्यास उघडता येईल. सामान्य वापरकर्त्यास आपला वेब सर्व्हर चालवून पाहावयाचा असल्यास १०२४ किंवा त्याहून मोठा क्रमांक घ्यावा लागे. ८० ची द्विरुक्ती करून होणारा ८०८० हा क्रमांक स्मरणास सोपा. पुढे नोंदवहीतही तो वेबचे पर्यायी दार म्हणून दाखल झाला.

सन कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा प्रसिद्ध केली, तेव्हा या दंडकास एक नवी अडचण येऊन मिळाली. सी भाषेत लिहिलेला सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो, ८० चे दार उघडतो आणि लगेच आपले अधिकार टाकून सामान्य वापरकर्ता बनतो. जावा ही कोणत्याही प्रणालीवर सारखीच चालावी अशा हेतूने रचलेली असल्यामुळे युनिक्सपुरती असणारी ही अधिकारत्यागाची क्रिया तिच्या मूळ ग्रंथालयात नव्हती. म्हणजे जावा सर्व्हरला ८० चे दार द्यावयाचे, तर तो सर्व काळ सर्वाधिकारी म्हणून चालवावा लागे, आणि ते धोक्याचे होते. १९९९ साली जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सन कंपनीत लिहिलेला टॉमकॅट हा सर्व्हर अपाची संस्थेकडे आला, तेव्हा त्याचे ठरीव दार ८०८० होते, ते यामुळेच. इतर जावा ॲप्लिकेशन सर्व्हरांनीही असेच मोठे क्रमांक घेतले : वेबलॉजिकने ७००१, वेबस्फिअरने ९०८०, ग्लासफिशने ८०८० आणि व्यवस्थापनासाठी ४८४८.

टॉमकॅटची दारे 'सर्व्हर' नावाच्या एका एक्सएमएल फाइलीत लिहिलेली असतात. त्या फाइलीत सामान्य वाचकासाठी ८०८० आणि सर्व्हर थांबविण्याच्या आज्ञेसाठी ८००५ ही दारे असतात. पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या सर्व्हरशी एजेपी या नियमावलीने बोलण्यासाठी ८००९ हेही तीत दीर्घकाळ आपोआप उघडे असे. या शेवटच्या दाराचा धोका २०२० साली 'घोस्टकॅट' या नावाने उघडकीस आला. बाहेरून ८००९ गाठू शकणारा कोणीही सर्व्हरमधील फाइली वाचू शके. त्यानंतर निघालेल्या आवृत्त्यांत हे दार मुळातच बंद ठेवण्यात आले. ज्या दाराचा उपयोग नाही ते उघडे ठेवू नये, हा वाड्याचा नियम येथेही लागू पडतो.

(४)

दारांचे बिघाड मुख्यतः तीन प्रकारचे असतात, आणि त्यांची लक्षणे भिन्न असल्यामुळे निदान कठीण नाही. पहिला प्रकार दार आधीच अडलेले असण्याचा. ८०८० हा क्रमांक अनेक कार्यक्रमांस प्रिय असल्यामुळे एकाच यंत्रावर दोघे तेच दार मागतात. नंतर आलेला 'पत्ता वापरात आहे' अशा अर्थाची 'बाइंड एक्सेप्शन' ही तक्रार नोंदवून थांबतो. अशा वेळी नेटस्टॅट किंवा एसएस या आज्ञेने दार कोणत्या कार्यक्रमाने धरले आहे हे पाहावे, आणि दोहोंपैकी एकाचा क्रमांक बदलावा. पुष्कळदा दार धरून बसलेला कार्यक्रम म्हणजे त्याच सर्व्हरची नीट न थांबलेली जुनी प्रतच असते. दुसरा प्रकार सर्व्हर चालू असूनही फक्त स्वतःच्याच यंत्राचे ऐकत असण्याचा. १२७.०.०.१ या आत्मनिर्देशक पत्त्याशी बांधलेले दार बाहेरच्यास दिसत नाही. तिसरा प्रकार मार्गात फायरवॉल आडवी येण्याचा. दारामागे कोणीच ऐकत नसेल तर संपर्क बहुधा तत्काळ नाकारला जातो. फायरवॉलने निरोप मुकाट्याने गिळला असेल तर वाचक वाट पाहत राहतो आणि अखेरीस मुदत संपते. नकार आणि मौन यांतील हा भेद ध्यानात ठेवल्यास अर्धे निदान होते.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा तिसरा प्रकार महत्त्वाचा आहे. ज्या संस्थेच्या फायरवॉलमधून फक्त ८० व ४४३ या दारांकडेच बाहेर जाता येते, तेथे ८०८० असलेला पत्ता उघडत नाही. प्रबंध गांधीनगरला सुखरूप असतो, सर्व्हरही चालू असतो, आणि आटपाडीत बसलेल्या विद्यार्थ्याची मात्र संदर्भच खोटा आहे अशी समजूत होते.

(५)

यावरचा उपाय व्यवस्थापकांस ठाऊक आहे. पुढे अपाचीसारखा वेब सर्व्हर उभा करावयाचा. त्याने ८० व ४४३ ही दारे सांभाळावयाची आणि आलेला निरोप आतल्या ८०८० कडे पोचवावयाचा. परंतु एवढ्याने भागत नाही. आतल्या टॉमकॅटला आपला बाहेरचा पत्ता सांगितला नाही, तर तो जे दुवे स्वतः रचतो त्यांत आपले आतले दार उच्चारू शकतो. त्यासाठी त्याच्या फाइलीत 'प्रॉक्सीनेम' व 'प्रॉक्सीपोर्ट' ही दोन गुणमूल्ये भरावी लागतात.

शोधगंगेसारखी भांडारे ज्या डीस्पेस या प्रणालीवर उभी आहेत, ती एमआयटी व ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. ती जावातच लिहिलेली असून टॉमकॅटमध्ये चालते. तिला आपला सार्वजनिक पत्ता एका फाइलीत सांगावा लागतो, आणि नमुन्याच्या त्या फाइलीत ८०८० हेच दार लिहिलेले असे. जेथे ते तसेच राहिले तेथे प्रत्येक पृष्ठाच्या पत्त्यात ते उमटले, शोधयंत्रांनी ते उचलले, आणि विद्यार्थ्यांनी ब्राउझरवरून उतरवून संदर्भसूचीत घातले. एका नमुना-फाइलीतील चार अंक अशा रीतीने कायमच्या छापील पुस्तकांत गेले. आज शोधगंगेचे पत्ते या क्रमांकाविना आहेत. छापलेली सूची मात्र कोणास दुरुस्त करता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीत दर्शनी भाग निराळा होऊन ४००० या दाराशी गेला आणि 'जेएसपीयूआय' हा जुना दर्शनी भाग काढून टाकण्यात आला. जुन्या पत्त्यांत ८०८० च्या पुढे हेच नाव येत असल्याने असे पत्ते दुहेरी जुने झाले.

(६)

या प्रश्नाचे उत्तर डीस्पेसमध्ये आरंभापासूनच आहे, आणि ते देणारा मनुष्य पूर्वपरिचित आहे. १९७४ साली पोर्टांची कल्पना मांडणाऱ्या दोघांपैकी रॉबर्ट कान यांनीच पुढे १९९० नंतरच्या दशकात 'हँडल' ही व्यवस्था उभी केली. तीत वस्तूस एक स्थायी नाव मिळते, आणि ते नाव आज कोणत्या पत्त्यावर आहे हे निराळ्या नोंदवहीत लिहिले जाते. पत्ता बदलला की नोंदवही बदलावयाची. नाव तेच राहते. शोधनिबंधांस मिळणारा डीओआय याच व्यवस्थेवर उभा आहे. शोधगंगेतील हँडलांचा आरंभ १०६०३ या नोंदणीकृत क्रमांकाने होतो. नोंदणी न करता बसविलेल्या भांडारांत त्या जागी १२३४५६७८९ हा नमुना-क्रमांक दिसतो. अशा हँडलामागे नोंदवही नसल्याने त्यावर विसंबून चालत नाही.

तेव्हा मार्गदर्शकांनी व विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. संदर्भ देताना ब्राउझरच्या माथ्यावरचा पत्ता न उतरविता पृष्ठावर दिलेले हँडल उतरवावे. जुन्या सूचीत ८०८० आढळल्यास त्या पत्त्याच्या शेवटी असलेला, १०६०३ पासून सुरू होणारा भाग वेचून तो हँडलच्या सार्वजनिक नोंदवहीत विचारावा. प्रबंध बहुधा तेथून सापडतो. ज्यांच्या हाती भांडाराची व्यवस्था आहे त्यांनी आतले दार आतच ठेवावे आणि आपला क्रमांक रीतसर नोंदवावा.

दाराचा क्रमांक ही वाड्याच्या अंतर्गत व्यवस्थेची बाब आहे आणि ती बदलण्याचा अधिकार व्यवस्थापकास असलाच पाहिजे. औंधचे आटपाडी दक्षिण साताऱ्याचे आणि पुढे सांगलीचे झाले, तरी नाव टिकल्यामुळे त्याचे कागद आजही शोधता येतात. प्रबंधासही असेच नाव हवे.